जागरणाच्या गोळ्या : याला कॉपी म्हणायचं का?

अभ्यासिकावाले_काका

मंडळी, सल्ला हवा आहे. पुण्यात नवी पेठेत माझी अभ्यासिका आहे. बहुतेक मुलं राज्यसेवेची आणि कम्बाइनची, म्हणजे एमपीएससीच्या परीक्षांची. परवा एक मुलगी महिन्याची फी भरायला आली आणि जाता जाता तक्रार करून गेली. मागच्या रांगेतली तीन-चार पोरं रात्री गोळ्या घेऊन बसतात, एकमेकांना देतात, पहाटेपर्यंत हलत नाहीत. "फोनवर बोलणाऱ्याला तुम्ही बाहेर काढता, मग यांना का नाही?"

मी म्हटलं, बाळा, त्यांची तब्येत ते बघतील. तर म्हणाली, "तब्येतीचं कोण बोलतंय काका? ही कॉपी आहे. मी चहावर अभ्यास करते, ते औषधावर करतात, आणि मेरिट लिस्ट एकच लागणार."

त्या पोरांपैकी एकाला बाजूला घेऊन विचारलं. गोळी मोडाफिनिल. तो म्हणाला, "सर, खालच्या टपरीवर सगळे दिवसभर कटिंग मारतात, ते चालतं. एनर्जी ड्रिंक चालतं. मग गोळीनेच काय घोडं मारलंय?"

माझी अडचण अशी की मला दोघांचंही पटलं.

गोळ्या शरीराला बऱ्या नाहीत हे मला ठाऊक आहे, त्यावर व्याख्यान नको. उद्या अजिबात अपाय न करणारी गोळी निघाली असं धरू. ती घेऊन अभ्यास करणं लबाडी ठरेल का? आणि तसा नियम लावायचा मला अधिकार आहे का?

गुळपोळी

लबाडी नाही. पेपर त्यानेच लिहिला ना? विषय संपला.

बोरूबहाद्दर

पूर्वी शेंडी खुंटीला बांधून अभ्यास करायचे म्हणे. डुलकी लागली की हिसका. आता शेंडीही गेली आणि खुंटीही.

काकचेष्टा बकोध्यानं श्वाननिद्रा तथैव च. यातली श्वाननिद्रा तर केमिस्टकडे मिळायला लागली, उरलेल्या लक्षणांसाठी संशोधन चालू असेल. (हलकेच घ्या.)

डॉ_निशाचर

व्याख्यान नको म्हणालात तरी थोडं सहन करा, मी मानसोपचारतज्ज्ञ आहे.

मोडाफिनिल हे नार्कोलेप्सीचं औषध, म्हणजे दिवसाढवळ्या अनावर झोप येण्याच्या आजाराचं. फ्रान्समध्ये निघालं, अमेरिकेत १९९८ साली त्याला मान्यता मिळाली. शरीरातून निम्मं बाहेर पडायलाच १२ ते १५ तास लागतात. म्हणजे रात्री अकराला घेणाऱ्या मुलाची दुसऱ्या दिवशीची दुपारची झोपही गेली. क्वचित का होईना, अंगावर गंभीर स्वरूपाचं पुरळ येतं. गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो, आणि हे अभ्यासिकेतल्या कुठल्याही मुलीला मैत्रीण गोळी देताना सांगत नाही. युरोपच्या औषध नियामकांनी २०१० मध्ये याचा वापर जवळजवळ नार्कोलेप्सीपुरताच ठेवा असं सांगितलं ते उगीच नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे. 'अजिबात अपाय न करणारी गोळी' असं धरून चालणं हीच मला पळवाट वाटते. झोप म्हणजे वाया गेलेला वेळ नव्हे, दिवसा वाचलेलं पक्कं होण्यात तिचा वाटा असतो. तीच काढून घेणारी गोळी निरुपद्रवी कशी असेल?

अभ्यासिकावाले_काका

डॉक्टर, झालंच व्याख्यान :) पण गर्भनिरोधकांचं माहीत नव्हतं. ते फलकावर लावतो.

टेक्सासची_मावशी

काका, तुमच्याकडे हा प्रश्न आत्ता आलाय, इथे तो जुना झाला. मिनेसोटा विद्यापीठातली मुलं परीक्षेच्या जागरणासाठी बेन्झेड्रिन घेतात म्हणून १९३७ सालीच इथल्या छापील माध्यमांत गाजावाजा झाला होता. बेन्झेड्रिन म्हणजे ॲम्फेटामिन. आजचं ॲडरॉल, म्हणजे एडीएचडीवरचं (लक्ष न टिकण्याच्या विकारावरचं) औषध, त्याच घराण्यातलं.

२००१ मध्ये ११९ कॉलेजांतल्या दहा हजारांहून जास्त मुलांची पाहणी झाली होती. प्रिस्क्रिप्शनशिवाय अशी उत्तेजकं कधी ना कधी घेतलेली मुलं निघाली ६.९ टक्के. सरासरी फार नाही. पण कॉलेजनिहाय बघितलं तर कुठे वर्षभरात एकानेही नाही आणि कुठे २५ टक्क्यांनी! प्रवेशासाठी जास्त चढाओढ असलेल्या कॉलेजांत प्रमाण जास्त. आणि घेणाऱ्यांमध्ये कमी ग्रेड्सवाली मुलं जास्त, टॉपर नव्हेत.

तुमच्या प्रश्नाचं एक उत्तर ड्यूक विद्यापीठाने २०११ मध्येच दिलंय. विद्यार्थ्यांच्या मागणीवरून त्यांनी नियमातच लिहून टाकलं की प्रिस्क्रिप्शन नसताना अभ्यासासाठी असं औषध घेणं ही शैक्षणिक फसवणूक. चोरून मजकूर उचलण्याच्याच यादीत.

माझ्या लेकीच्या रूममेटला खरोखरीचं एडीएचडी आहे. परीक्षा जवळ आल्या की ओळखीपाळखीची मुलं तिला हाय-हॅलो करायला लागतात. ती औषधाची बाटली कपड्यांच्या कपाटात ठेवत नाही, कुलूपबंद पेटीत ठेवते.

गुळपोळी

@टेक्सासची_मावशी, नियम केला हे ठीक, पण पकडतात कसं? परीक्षेआधी लघवी तपासतात का?

टेक्सासची_मावशी

नाही गं. माझ्या माहितीत कुणीच तपासत नाही. नियम पुस्तकात आहे.

बोरूबहाद्दर

म्हणजे आपल्या 'थुंकू नये' सारखा.

अर्धाकप

चहा पिणाऱ्यांना आज धुतल्या तांदळासारखं समजलं जातंय म्हणून आठवण करून देतो. याच पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून रानडे-टिळकांसकट कित्येकांवर ग्रामण्य (जातबहिष्काराचं प्रकरण) झालं होतं. प्रायश्चित्तं घ्यावी लागली. (तिथे खरा आक्षेप चहावर नव्हता, कुणाच्या हातचा यावर होता, हे मान्य.) आणि आमच्या आजीच्या मते चहा प्यायलं की मुलं काळी होतात. मी तिचं म्हणणं खरं केलंय.

मुद्दा असा की काय 'आपलं' आणि काय 'उत्तेजक' हे सवयीवर ठरतं. खेळात कॅफीनवर २००३ पर्यंत मर्यादा होती. लघवीत ठराविक प्रमाणाच्या वर सापडलं की खेळाडू बाद. २००४ पासून वाडाने, म्हणजे खेळांतल्या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने, ते बंदीच्या यादीतून काढलं. रसायन तेच, ३१ डिसेंबरला लबाडी आणि १ जानेवारीला नाश्ता.

डॉ_निशाचर

@अर्धाकप, यादीतून काढलं तरी त्यावर लक्ष ठेवणं चालूच आहे. आणि प्रमाण हा प्रकार असतो हो. आपल्याकडे कॅफीनयुक्त पेयात लिटरला जास्तीत जास्त ३०० मिलिग्रॅम कॅफीन चालतं, म्हणजे पाव लिटरच्या बाटलीत ७५. लहान मुलांसाठी नाही असं त्यावर छापायचंही बंधन आहे. आता नववी-दहावीच्या क्लाससमोरच्या टपरीवर त्या बाटल्या कोण विकत घेतं ते बघून या.

सुमार_विद्यार्थी

इतका वेळ वाचत होतो. आता राहवत नाही.

मला एडीएचडी आहे. निदान नोकरी लागल्यावर झालं. त्याआधी शाळेत 'हुशार आहे पण लक्ष नाही', कॉलेजात 'मस्तीखोर', घरी 'आळशी'. इंजिनिअरिंग रखडत केलं. आता मेथिलफेनिडेट घेतो आणि खात्यांतर्गत परीक्षेचा अभ्यास करतो. आयुष्यात पहिल्यांदा एक प्रकरण सुरुवातीपासून शेवटापर्यंत सलग वाचलं.

हे औषध एनडीपीएस कायद्याच्या, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याच्या, यादीत आहे. केमिस्टकडे चिठ्ठी पुढे केली की तो आधी चिठ्ठीकडे, मग माझ्याकडे, मग पुन्हा चिठ्ठीकडे बघतो. निम्म्या दुकानांत 'ठेवत नाही' हेच उत्तर. आणि २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत डिस्लेक्सियासारखी अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी नाही. त्यामुळे परीक्षेत जादा वेळ मिळायची बोंब. माझ्या हातात आहे ती फक्त ही गोळी.

त्यामुळे 'गोळी घेऊन अभ्यास म्हणजे कॉपी' असं सरसकट कुणी लिहिलं की पोटात खड्डा पडतो. चष्मा लावून पेपर लिहिणाऱ्याला आपण कॉपीबहाद्दर म्हणतो का?

गुळपोळी

@सुमार_विद्यार्थी, तुमच्याबद्दल कुणीच म्हणत नाहीये. पण चष्म्याचं उदाहरण मागच्या रांगेतल्या पोरांना लागू पडत नाही. डोळे चांगले असणाऱ्याने चष्मा लावला तर त्याला उलट धूसर दिसतं. ही गोळी धडधाकट माणसालाही काही तरी देते, म्हणून तर घेतात.

घोडा_अडीच_घरं

@गुळपोळी, देते का, हाच तर प्रश्न आहे. दोन अभ्यास सांगतो.

बुद्धिबळावरचा एक २०१७ साली प्रसिद्ध झाला, जर्मनीतला. ३९ खेळाडूंना मेथिलफेनिडेट, मोडाफिनिल, कॅफीन किंवा नुसती खोटी गोळी देऊन संगणकाशी जलद डाव खेळवले. औषध घेतलेले खेळाडू प्रत्येक चालीवर जास्त वेळ विचार करत बसले आणि त्यांचे जास्त डाव वेळ संपल्यामुळे गेले. वेळेवर हरलेले डाव बाजूला काढले तर मात्र त्यांचा खेळ थोडा सुधारलेला दिसला. पण परीक्षेत वेळेवर हरलेले प्रश्न कोण बाजूला काढतंय?

दुसरा मेलबर्नचा, २०२३ चा. ४० निरोगी माणसांना ठराविक वजनाच्या पिशवीत जास्तीत जास्त किमतीच्या वस्तू बसवण्याची कोडी दिली. औषध घेतल्यावर लोक जास्त राबले, जास्त वेळ झटले, आणि उत्तरांचा दर्जा घसरला. मूळचे जे सरासरीहून चांगले होते त्यांची घसरण जास्त.

बुद्धिबळात फिडे ही जागतिक संघटना उत्तेजक चाचणी घेते. आम्ही हसायचो की घोड्याने उडी मारायला स्टिरॉइड लागतं का.

बोरूबहाद्दर

म्हणजे उपयोगच नसेल तर कॉपीही नाही! काका, लावा फलक : 'गोळ्या घेण्यास हरकत नाही, मार्क कमी पडतील.'

गुळपोळी

असं कसं? शेजारच्या ढ मुलाचं बघून लिहिलं आणि उत्तर चुकलं, तरी ती कॉपीच. हेतू बघायचा ना?

बोरूबहाद्दर

बघा, ताई सकाळी म्हणत होत्या विषय संपला.

गुळपोळी

मत बदलायला चिठ्ठी लागत नाही.

नवीन_सभासद_२४

सर गोळीचे नाव व कुठे मिळेल सांगा. माझी मेन्स आहे. प्लीज व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

डॉ_निशाचर

मेन्स आहे तर आज रात्री अकराला झोपा. व्यनि करणार नाही.

संपादक

औषध मिळवण्याबाबतचे प्रतिसाद उडवले जातील. चर्चा चालू द्या.

वहीतली_गणितं

विषयाला थोडी बगल. गणितज्ञ पॉल एर्डोश उतारवयात रोज ॲम्फेटामिन घ्यायचा. १९७९ साली रॉन ग्रॅहॅमने त्याच्याशी ५०० डॉलरची पैज लावली की महिनाभर सोडून दाखव. त्याने दाखवलं, पैसे घेतले, आणि तक्रार केली की तुझ्यामुळे गणित एक महिना मागे पडलं. मग पुन्हा गोळ्या सुरू.

मी गणित शिकवते आणि मला त्यात लबाडी कुठेच दिसत नाही. त्याचे शेकडो शोधनिबंध आहेत. सिद्धता बरोबर असेल तर ती बरोबर, करणाऱ्याच्या रक्तात काय होतं याच्याशी तिला देणंघेणं नाही. त्याने एक प्रमेय सिद्ध केलं म्हणून दुसऱ्याचं प्रमेय रद्द झालं नाही. काकांच्या अभ्यासिकेत मात्र एकाचा नंबर वर गेला की दुसऱ्याचा खाली जातोच. मला वाटतं त्या मुलीचा राग तिथला आहे.

अर्धाकप

अवांतर : रिटालिन म्हणजे वर आलेलं मेथिलफेनिडेट, ते १९४४ साली बनवणाऱ्या पानित्सोनने बायकोच्या, म्हणजे रीटाच्या नावावरून नाव ठेवलं. आपल्याकडे बायकोच्या नावाने फक्त फ्लॅट घेतात, तोही स्टँप ड्युटी वाचते म्हणून.

रेसिडेंट_ऑन_कॉल

@वहीतली_गणितं, शंभर टक्के.

मी सरकारी रुग्णालयात निवासी डॉक्टर आहे. सलग ३६ तासांची ड्युटी आमच्याकडे बातमी नाही. समजा ३० व्या तासाला मला एक सिझेरियन करायचंय. तेव्हा कुणी जागं राहायची गोळी दिली आणि मी घेतली, तर टेबलावरच्या बाईच्या दृष्टीने मी लबाडी केली का? तिला मी जागी हवी आहे. मी गोळी घेतल्याने दुसऱ्या डॉक्टरचं काही गेलं नाही.

पण याच मीने पीजीच्या प्रवेश परीक्षेसाठी गोळी घेतली तर गोष्ट वेगळी. तिथे मिळवायची असते ती जागा, आणि ती कुणाच्या तरी हातून जाते. एकाच मेंदूत, एकाच गोळीने. म्हणून 'गोळी चांगली की वाईट' हा प्रश्नच मला अर्धवट वाटतो.

(आणि ३० व्या तासाला मला गोळी नको, बदली डॉक्टर हवा. हे वेगळ्या धाग्यावर.)

लातूरकर

तुमचं समदं बरोबर हाय, पण एक विचारू का? नीटला २०२४ मध्ये तेवीस लाखांवर पोरं बसली. एमबीबीएसच्या जागा साधारण लाख-सव्वा लाख, त्यात सरकारी निम्म्याच. आमच्या इथं पोरगं अकरावीला आलं की बाप शेताचा तुकडा गहाण टाकून क्लास लावतो. ज्याच्याकडं तुकडा नाही त्याचं पोरगं यूट्यूबवर शिकतं. एकाला टेस्ट सिरीज, एसी होस्टेल, वेळेवर डबा, दुसरा सकाळी दूध घालून मग अभ्यासाला बसतो. दोघांची मेरिट लिस्ट एकच.

हे तुम्हाला चालतं. त्याला कुणी कॉपी म्हणत नाही, त्याला 'पालक जागरूक आहेत' म्हणतात. आणि गरिबाच्या पोरानं चार गोळ्या घेतल्या की नीतिशास्त्र? त्याच वर्षी ६७ जणांना ७२० पैकी ७२० पडले होते, मग यादी सुधारून १७ झाले. गोळीनं एवढा गोंधळ घातला असता का?

गुळपोळी

@लातूरकर, क्लासवाल्याच्या पोराला निदान काही तरी येतं हो. भौतिकशास्त्र डोक्यात जातं.

लातूरकर

गोळीवाल्याच्या पण डोक्यातच जातंय की. गोळीत उत्तरं छापलेली नसतात.

डॉ_निशाचर

@लातूरकर, तुमचा संताप रास्त आहे, पण हिशेब उलटा पडतोय. गोळी सर्रास झाली की ती गरिबाची राहत नाही. ज्याच्याकडे पैसे आहेत तो चांगल्या डॉक्टरकडून लिहून घेईल, रक्तदाब तपासत राहील, त्रास झाला तर महिनाभर घरी बसेल. तुमचं दूध घालणारं पोरगं उघड्या पाकिटातली कुठली तरी गोळी घेईल. आधीचे फरक राहतीलच, वर हा एक नवा.

२००८ साली 'नेचर'मध्ये कायदा, नीतिशास्त्र आणि मेंदूविज्ञानातल्या काही नामवंतांनी एकत्र लिहिलं होतं की निरोगी प्रौढांना अशी औषधं घ्यायची मुभा असावी, त्यात मूलतः लबाडी काही नाही. पण त्यांनीही सुरक्षितता, समान उपलब्धता आणि सक्ती न होणं यांची काळजी घ्या म्हटलं होतं. त्याच नियतकालिकाने त्याच वर्षी वाचकांना विचारलं, तर ६० देशांतल्या १४०० जणांपैकी पाचातल्या एकाने अशी औषधं घेतल्याचं सांगितलं. ते वाचक बहुतेक संशोधक बरं का, अभ्यासिकेतली पोरं नव्हेत.

सक्तीचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ओपीडीत येणारी मुलं 'मला हवी' म्हणत नाहीत. 'सगळे घेतात' म्हणतात.

वकिलीण_बाई

काकांचा कायद्याचा भाग राहूनच गेला.

परीक्षेतल्या गैरप्रकारांवर महाराष्ट्राचा १९८२ चा कायदा आहे आणि केंद्राचा २०२४ चा. केंद्राच्या कायद्यात पेपर फोडणं, उत्तरपत्रिकेत फेरफार, डमी बसवणं, बनावट वेबसाइट अशी यादी आहे. तो मुख्यतः टोळ्यांसाठी आहे. औषध घेऊन अभ्यास हा त्यात कुठेही बसत नाही. म्हणजे कायद्याने कॉपी नाही.

चिठ्ठीशिवाय विकणारा केमिस्ट मात्र दोषी. मित्रामित्रांत गोळ्या वाटणंही धोक्याचं, आणि गोळी मेथिलफेनिडेट असेल तर प्रकरण एनडीपीएसपर्यंत जाऊ शकतं. पोरांना याची कल्पनाच नसते.

तुमची जागा खासगी आहे, नियम लावू शकता. पण 'लबाडी' म्हणून लावू नका, 'आवारात औषधांची देवाणघेवाण नको' एवढाच लावा. बॅगा तपासायला मात्र जाऊ नका.

पुढची_जाहिरात

माझा आयडी बघून कळलं असेल मी कोण. मीही मागच्या रांगेतलाच, काकांच्या नव्हे, दुसऱ्या अभ्यासिकेत.

गोळी घेतल्यावर काय होतं ते कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. भूक मरते. डोकं स्वच्छ झाल्यासारखं वाटतं. मी एका रात्रीत पंचायत राजच्या नोट्स पुन्हा सुवाच्य अक्षरात उतरवल्या, तीन रंगांत, रकाने आखून. पहाटे वाटलं, आज आपण काय अभ्यास केलाय! आठवड्याने सराव पेपर दिला तर ७३ वी घटनादुरुस्ती आणि ७४ वी यांत नेहमीसारखाच गोंधळ. नोट्स मात्र अजून सुंदर आहेत, हव्या असतील तर देतो.

लबाडी करतोय असं मला तेव्हा एकदाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. कारण मी ती गोळी पुढे जायला घेत नव्हतो. शेजारचा घेतो आणि मी नाही घेतली तर मी मागे, एवढंच डोक्यात असायचं. भरतीची जाहिरात कधी येईल माहीत नाही, राज्यसेवेचा पॅटर्न वर्णनात्मक होणार म्हणून २०२३ मध्ये आंदोलनं झाली, मग तो २०२५ वर गेला. वय तेवढं कुणासाठी थांबत नाही. घरी विचारतात, अजून किती? अशात आपल्या हातात काही तरी आहे असं वाटायला लागतं, त्याचेच पैसे केमिस्टला देतो माणूस.

त्या ताईला सांगा, तिचा नंबर आमच्या गोळ्यांमुळे गेला नसेल. पण तिचं म्हणणं चूक आहे असंही मी म्हणणार नाही.

डॉ_निशाचर

@पुढची_जाहिरात, तुमच्या नोट्सवर २०१३ मध्ये संशोधन झालंय, गंमत नाही. ४६ निरोगी लोकांना ॲडरॉलसारखं मिश्रण दिलं. बहुतेक चाचण्यांत विशेष फरक पडला नाही. पण 'आज माझं चांगलं झालं' असं त्यांना औषधाच्या दिवशी जास्त वाटलं.

बोरूबहाद्दर

तो तीन रंगांचा पंचायत राज मलाही पाठवा. सरपंचपदाला उभा राहतोय.

सुजाता_कर्वेनगर

काका, राग मानू नका. तुमची अभ्यासिका किती वाजता बंद होते?

अभ्यासिकावाले_काका

बंद होत नाही, ताई. २४ तास. रात्रीच्या सीटला दर थोडा कमी असतो.

सुजाता_कर्वेनगर

तेच विचारायचं होतं. रात्र तुम्ही स्वस्तात विकायची आणि पोरांनी ती जागून काढली की नियम लावायचा.

अभ्यासिकावाले_काका

ताई, गल्लीत सगळ्याच अभ्यासिका २४ तास आहेत. मी अकराला कुलूप लावलं तर महिन्याच्या आत निम्मी मुलं समोरच्याकडे. भाडं, एसीचं बिल, इन्व्हर्टर, सगळं रात्रीच्या सीटवर निघतं. मला हौस आहे का?

रेसिडेंट_ऑन_कॉल

काका, आता @पुढची_जाहिरात यांचा प्रतिसाद पुन्हा एकदा वाचा.

लातूरकर

आता कसं!

अभ्यासिकावाले_काका

वाचला.

दोन दिवस लिहिलं नाही, विचार करत होतो. नियम असा करतोय : आवारात कुणी कुणाला औषध द्यायचं नाही, दिलेलं दिसलं तर सीट रद्द. घेणाऱ्याला मी काही विचारणार नाही. गर्भनिरोधकांची माहिती डॉक्टरांच्या शब्दांत मुलींच्या बाजूच्या फलकावर लावली. त्या मुलीला सांगितलं की कायद्याने ही कॉपी नाही. ती म्हणाली, "कायद्याचं कुठे विचारलं होतं?"

गुळपोळी

पोरगी हुशार आहे. तिचं बरोबर आहे हो. रँकवर जागा वाटायच्या असतील तर सगळ्यांना माहीत असलेल्या आणि सगळ्यांना मिळू शकणाऱ्या गोष्टीच चालायला हव्यात. चहा उघड्यावर पितात, गोळी खिशात ठेवतात. लपवावं लागतंय म्हणजे घेणाऱ्यालाही कुठे तरी ठाऊक आहे.

सुमार_विद्यार्थी

@गुळपोळी, मीही लपवतो. ऑफिसात कुणालाच माहीत नाही. लपवणं हा पुरावा धरलात तर मी पहिला आरोपी.

@काका, घेणाऱ्याला विचारणार नाही हे लिहिलंत ते फार बरं केलंत. चिठ्ठी दाखवा म्हणाला असतात तर माझ्यासारखी मुलं दुसरीकडे गेली असती.

गुळपोळी

हं. याला माझ्याकडे उत्तर नाही.

वकिलीण_बाई

नियमाची भाषा ठीक आहे. 'औषध' ऐवजी 'डॉक्टरांच्या चिठ्ठीने मिळणारं औषध' करा, नाहीतर डोकं दुखलं म्हणून क्रोसिन देणाऱ्याचीही सीट जाईल.

सुजाता_कर्वेनगर

आणि रात्रीचं काय ठरलं?

अभ्यासिकावाले_काका

गल्लीतल्या चौघांशी बोललो. म्हटलं, सगळे मिळून एक ते पाच बंद ठेवू, कुणाचंच नुकसान नाही. चौघांनाही पटलं. चौघंही म्हणाले, तुम्ही आधी करा, मग बघू.